बाळूच्या जिभेचे उपचार

चार मास्तर एका शाळेत आले की किस्से धुळीसारखे साठतात. निजामाच्या मोगलाईत मी तलवाड्याच्या शाळेत गणित शिकवायचो, तेव्हाची ही धूळ बहुतेक आमच्या हेडमास्तर केशवरावांनी उडवलेली!

त्यांना मुलगा झाला, बाळू. त्याला तहसीलदार करायचं तिथल्या तिथं ठरलं. सरकारची जबान उर्दू, म्हणून हुकूम सुटला, "पोराच्या कानावर मराठी पडता कामा नये!"

वहिनींना उर्दूचं अक्षर येत नव्हतं. त्या गप्पच झाल्या. स्वतः केशवराव दिवसभर शाळेत. घरी आल्यावर रांगत्या पोराला म्हणायचे, "बेटा, आब नोश फरमाओ!" पोरगं पाण्याच्या तांब्याकडं न बघता बापाच्या मिशीकडं बघायचं.

*

पहिलीत एक धनगराचं पोर होतं. साठ मेंढरं नुसती नजरेनं मोजायचं. केशवरावांनी त्याला उर्दूत बेरीज विचारली, ते गप्प राहिलं. केशवरावांनी शेरा मारला, "मठ्ठ!"

त्याची आजी भिवराबाई मास्तरांच्या घरी दूध घालायची. ती शाळेत येऊन म्हणाली, "मास्तर, मेंढरूबी आपल्या मालकाच्याच हाकंला मान वर करतंय. माझ्या नातवाला तुमी कावून परक्या हाका मारताय?"

केशवरावांनी तिलाही तोच शेरा दिला!

*

बाळू तीन वर्षांचा झाला, तोंडातून शब्द नाही. मग उपचार सुरू झाले. वेखंड उगाळून चाटवलं. लिंबागणेशच्या गणपतीला नवस झाला. गेवराईच्या वैद्यांनी जीभ ओढून पाहिली. कुणीतरी पोपटाचा उष्टा पेरू सुचवला, तर शिपाई दोन दिवस पोपटामागं हिंडला. पेरू शेवटी शिपायानंच खाल्ला. बोलका तो आधीच होता!

सगळं केलं, फक्त त्या पोराशी कुणी बोललं नाही.

*

एकदा केशवराव घरात नसताना वहिनींनी मला दारातच विचारलं, "भावजी, माझं लेकरू मुकं तर न्हाई ना हो?" मला हेडमास्तरांचा इतका राग आला, की नोकरीची भीती नसती तर दोन शब्द तिथंच सुनावले असते. उर्दूत नव्हे!

मी एवढंच म्हणालो, "शाळा भरली की त्याला भिवराबाईच्या मेंढरांच्या वाड्यावर नेत जा."

तिथं मेंढरांना काठी उगारून 'हुर्रर्र'च्या हाका, सुनांना शिव्या, नातवंडांना गोष्टी. बाई दिवसभर बोलायची. सहा महिने हे चाललं आणि हेडमास्तरांना पत्ता नव्हता.

*

मग तपासणीला बड्या साहेबांची स्वारी आली. केशवरावांनी त्यांना घरी चहाला नेलं, सोबत मीही होतो. बाळूला पुढं उभं केलं, "बेटा, साहब को सलाम करो!"

बाळू गप्प.

आतल्या दारातून वहिनी हळूच म्हणाल्या, "अहो, चहाला साखर..."

केशवरावांनी डोळे वटारून ओठांवर बोट ठेवलं. कोपऱ्यातली काठी उचलून बाळू बापासमोर उभा राहिला.

"हुर्रर्र! गप बस बे! आईला बोलू दे!"

वहिनी दाराला धरून रडायलाच लागल्या. साहेबांनी कप खाली ठेवला.

"हेडमास्तर साहब, आपके बच्चे की जबान तो माशाअल्ला बिल्कुल साफ है!"