डावीकडे ओढणारी गाडी घेऊन काळेवाडी ते चाकण

सकाळी सातला निघालो, तर महेश गेटमध्येच आडवा. महेश माझा मुलगा.

"बाबा, कॅब करून देतो. ती आणेल मावशीला."

"आक्का परक्याच्या गाडीत बसत नाही."

"तुमची गाडी डावीकडं जाते. परवा रिक्षाला घासली, त्याआधी खांबाला. हात थरथरतात तुमचे, कबूल करा ना."

"हात ठीक आहेत. गाडीचं बघतो. संध्याकाळी तू चालवून बघ. डावीकडं गेली तर चावी तुझी. सरळ गेली तर हा विषय परत काढायचा नाही."

"ठरलं," म्हणाला आणि बाजूला झाला.

शकू, माझी बायको, जाऊन उद्या वर्ष होतं. दवाखान्यात असताना तिनं एकच गोष्ट मागितली होती. माझ्या कार्याला आक्काला तुम्ही जाऊन आणा, दुसऱ्याला पाठवू नका. आक्का तिची थोरली बहीण, चाकणच्या पुढे डोंगराकडच्या वाडीत राहते. तेराव्याला मी घरातून उठलोच नाही. आक्का कांद्याच्या टेम्पोत बसून आली. वर्षश्राद्धाला तसं होऊ द्यायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं होतं.

पवनेचा पूल ओलांडला, पिंपरी मागे टाकली. नाशिक फाट्यापासून कंपनीच्या बसगाड्या सुरू झाल्या. खिडक्यांना डोकी टेकून पोरं झोपलेली. मीही तीस वर्षं असाच झोपत प्रेस शॉपला (पत्रा दाबून भाग काढतात ते खातं) गेलो. गाडी सारखी डावीकडे ओढत होती आणि मी उजवीकडे. भोसरीपर्यंत खांदा भरून आला.

भोसरी संपताना अलाइनमेंटचं (चाकांचे कोन जुळवून देतात ते) दुकान दिसलं. मालक लातूरकडचा, पन्नाशीतला. गाडी रॅम्पवर घेण्याआधी त्यानं चारी चाकांची हवा बघितली. कमी हवेनंसुद्धा गाडी ओढते म्हणे. मग पुढच्या डाव्या टायरच्या आतल्या कडेवर बोट फिरवलं.

"काका, इकडं या. हे बघा, बाहेरून टायर चांगलं अन् आतून पार टक्कल. हे फुटलं असतं की ओ रस्त्यात!"

खाली वाकून बघितलं. खरंच गुळगुळीत.

चाकांना पट्ट्या बसवून त्यानं पडद्यावर आकडे आणले. बहुतेक लाल. तो पडद्याकडं बघायचा, मग स्टेअरिंगकडं.

"चाकं इतकी वाकडी अन् स्टेअरिंग सरळ? कुणी काढलं होतं हे?"

"मी."

"तुम्ही?"

"दोन वर्षांपूर्वी डावं चाक खड्ड्यात आपटलं. सरळ जाताना स्टेअरिंग वाकडं दिसायला लागलं. घरीच काढलं, सरळ करून बसवलं."

तो हसायलाच लागला. "काय राव काका! चष्म्याची काडी सरळ केली, नंबर तसाच!"

मला राग आला, पण त्याचं खरं होतं. प्रेसवर एक भाग वाकडा निघाला तर आम्ही भाग ठोकत बसायचो नाही, डाय (साचा) तपासायचो. घरच्या गाडीला मात्र दिसतं तेवढं सरळ करून मोकळा झालो.

शकू तेव्हाच म्हणाली होती, गाडी माझ्या बाजूला जाते. मी म्हणालो, तू चालवतेस का?

वाकलेला टाय रॉड (चाक वळवणारा दांडा) त्यानं बदलला, पुढचे दोन्ही टायर नवे टाकले आणि आकडे हिरवे होईपर्यंत नट फिरवत राहिला. मी विचारलं, हे किती दिवसांनी करायचं?

"दहा हजार किलोमीटर नाही तर वर्ष, आधी होईल ते. पर खड्ड्यात जोरात आपटली, टायर बदलले, पुढच्या चाकाचं काम काढलं, तर वाट बघू नका, त्याच आठवड्यात या. गाडी एका अंगाला जाया लागली, स्टेअरिंग वाकडं दिसलं, टायर एकाच कडेनं झिजलं, तरी या. स्टेअरिंग थरथरत असलं तर ते चाकाच्या वजनाचं, बॅलन्सिंगचं काम, ते निराळं." मग म्हणाला, "अन् घरी पाना हातात घेऊ नका."

आमच्या कट्ट्यावरची मंडळी हे वाचत असतील, त्यांनी ध्यानात ठेवावं. निम्म्यांच्या गाड्या मी बघितल्यात.

मोशीला इंद्रायणी ओलांडली. पुढे कंटेनरची रांग लागली, ती थेट चाकणच्या चौकापर्यंत. चौकात मटकी घातलेली भेळ खाल्ली. शकू माझ्यातली मिरची काढून घ्यायची. आज ती मीच खाल्ली आणि पाणी पीत बसलो.

आक्का दारातच पिशवी घेऊन उभी. पिशवीत माळवं (भाजीपाला).

"आलासा पाव्हणं? म्या म्हणलं, येतायसा का न्हाई."

"येणारच होतो."

"व्हय. तेराव्यालाबी येणारच हुतासा."

मी गाडीचं दार उघडलं. ती शकूच्या जागेवर बसली.

परतताना वेगळंच झालं. कुरुळीजवळ पहिल्यांदाच रस्ता मोकळा मिळाला आणि गाडी उजवीकडे, दुभाजकाकडे सरकायला लागली. आक्का ओरडली, "आवं, कुठं निगालासा?" मी ब्रेक दाबला, गाडी कडेला घेतली. लातूरवाल्याला एक शिवी दिली. मग स्टेअरिंगवरचे हात बघितले. उजवा खांदा अजून ओढतच होता. गाडी सरळ झाली होती, पण दोन वर्षांच्या सवयीनं हात वाकडा झाला होता. मुठी ढिल्या केल्या आणि हळू निघालो. गाडी आपली आपण सरळ गेली.

आक्का म्हणाली, "शकी सांगायची मला. गाडी माज्या अंगाला येती, ह्यांना सांगून ऐकू येत न्हाई. म्हनून मी दार धरून बसती."

शकू दोन्ही हातांनी दाराची मूठ धरून बसायची, हे खरं. मी तिला भित्री म्हणायचो. मोशीपर्यंत सारखा हात उजवीकडे जायचा, सारखा सोडवायचो.

संध्याकाळी महेश गाडी पुलापर्यंत नेऊन आला. चावी माझ्या हातात ठेवली. "सरळ जाते," एवढंच म्हणाला.

"रिक्षाला घासली ते गाडीमुळं," मी म्हणालो. "खांबाला घासली होती ते माझ्यामुळं. पुढच्या आठवड्यात डोळे तपासून घेतो."

वर्षातून एकदा, असं तो लातूरवाला म्हणाला. मला तारीख शोधायला लागणार नाही. शकूच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी आधी चाकं बघायची, मग आक्काला आणायचं. मी चालवतोय तोवर दर वर्षी. डावीकडे बसणारीनं दार धरलं, तर गाडी थांबवून विचारायचं, काय झालं.