चाळणीचाचा

चाळणीचाचांच्या शेडमध्ये शिरायचं तर आधी दारात अंगावरचा सगळा धातू उतरवावा लागे. अंगठी, कडं, घड्याळ, कानातलं, गळ्यातला ताईत, खिशातली चिल्लर, सगळं. चाचा प्लास्टिकचा डबा मांडीवर घेऊन दारातच बसलेले असत. येणारा चहावाला असो की साहेब, डबा पुढं व्हायचाच. एकदा मुंबईहून आलेल्या एका बड्या पाहुण्याची अंगठी बोटातून निघेना, तर चाचांनी त्याला मोरीवर नेऊन साबण लावायला बसवलं. तरी नाहीच निघाली. मग बाहेर खुर्ची टाकून त्याला खिडकीतून शेड दाखवली.

एवढं सोवळं कशासाठी, ते सांगते. जमिनीच्या पोटात सोनं, तांबं, जस्त असलं की त्याचा अगदी बारीक अंश वरच्या मातीत येतो. म्हणून शिवारात ठरावीक अंतरावर दीड वीत खणून माती काढायची, वाळवायची, चाळायची आणि बारीक भाग प्रयोगशाळेला पाठवायचा. आपल्या संभाजीनगरात सगळा काळा पाषाण, इथं कसलं आलंय सोनं. माती यायची पार विदर्भाच्या पूर्व टोकाहून, आणि मुकुंदवाडी स्टेशनामागच्या आमच्या शेडमध्ये ती चाळली जायची. सोन्याचा अंश इतका कमी असतो की नुसती अंगठी मातीला घासली तरी कागदावर खाण उभी राहते. चाचा म्हणायचे, "माती भोळी हाय. जे लावाल ते अंगाला लावून घेती."

चाचा मूळचे वैजापूरचे. तरुणपणी तिथल्या बाजार समितीत धान्य चाळायचे, तिथूनच हे नाव चिकटलं. शाळा चौथीपर्यंत. पण साहेबांनी एकदा हौसेनं पितळेची देखणी चाळणी आणली, तेव्हा ती उन्हात फिरवून बघत चाचा म्हणाले, "साहेब, पितळ म्हंजे तांबं आन् जस्त. आपण निघालो तांबं हुडकायला, आन् चाळणीच तांब्याची. आपलंच तांबं आपल्याला घावंल." साहेबांनी ती मुकाट्यानं घरी नेली. तिच्यातून आता त्यांच्याकडं गव्हाचं पीठ चाळतात. शेडमध्ये चाचांनी स्वतः नायलॉनचं कापड ताणून चाळण्या बांधल्या. छताचा पत्राही त्यांना खुपायचा, त्याला जस्ताचा मुलामा असतो म्हणून. त्याखाली त्यांनी ताडपत्री ठोकून घेतली तेव्हा कुठं त्यांचा जीव खाली पडला.

मी कन्नडची. भूगर्भशास्त्र शिकून कंत्राटावर लागले होते, म्हणून चाचा मला "भूगर्भबाई" म्हणत. काम बघून सहा महिन्यांनी कायम करू, असं साहेब म्हणाले होते. आमच्या अण्णांना तेवढं पुरे झालं. त्यांनी साखर कारखान्यापासून तहसिलीपर्यंत सांगून टाकलं की पोरगी कायम झाली. म्हणजे मला कायम होणं भागच होतं.

तेवढ्यात माझा साखरपुडा झाला. दोनच दिवसांनी चाचींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि चाचांनी रजा टाकली. त्यांची पहिली रजा. सकाळी फोन आला, "डबा दारातच हाय, भूगर्भबाई. सगळ्यायचं उतरवून घ्या." मी सगळ्यांचं उतरवून घेतलं. स्वतःची अंगठी तेवढी काढली नाही. काढावीशी वाटली नाही, बस्स. वर हातमोजा आहेच, असं मनाला समजावलं. दुपारी एका नमुन्यात ढेकळं लई कडक निघाली. मोजा काढला आणि उघड्या हातानं चाळणीवर रगडली.

महिन्याभरानं अहवाल आला. त्या नमुन्यात सोनं. आजूबाजूच्या एकातही नाही, त्या एकट्यात, आणि ते भरपूर. साहेबांनी पेढे वाटले. त्या शेतात खोल भोक पाडायला मशीन पाठवायचं ठरलं, शेतकऱ्याला पेरणी थांबवायचा निरोप देऊ म्हणाले. माझ्याकडं बघून म्हणाले, "मॅडमच्या हाताला यश आहे. पत्र तयार करायला सांगतो." नमुन्याचा नंबर वाचताच मी ओळखलं होतं, उघड्या हातानं रगडलेला तो हाच. तरी मी पेढा खाल्ला.

चाचांनी नोंदवही काढून तारीख बघितली.

"ह्या रोजी मी दवाखान्यात होतो. चाळलं कोणी?"

"मी," म्हटलं.

"बरं," म्हणाले आणि हात धुवायला गेले.

त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. रोज सकाळी डबा पुढं, रोज "चहा झाला का, भूगर्भबाई?" रागावले असते तर सोपं गेलं असतं. मी स्वतःशी वकिली करत होते. खरंच सोनं असेल तर? अण्णांना काय तोंड दाखवू? मशीनही निघत नव्हतं, ड्रायव्हर गावाला गेलाय असं साहेब सांगत होते. मला वाटायचं, जाऊ दे, अजून वेळ आहे.

चौथ्या दिवशी दुपारी मात्र राहवेना. साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिले आणि अंगठीचं सगळं सांगून टाकलं. रडू आलं, तेही आवरलं नाही.

साहेबांनी चष्मा काढून ठेवला. "बसा," म्हणाले. "ड्रायव्हर कुठंही गेलेला नाही. अहवाल आला त्याच दिवशी चाचा येऊन गेले. म्हणाले, 'मशीन काढू नका. का, ते ज्याचं त्यानं सांगायचं. चार दिस द्या. नाय कोणी आलं तर मग मी सांगंन.'"

मी शेडमध्ये परत गेले. चाचांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि त्याच नमुन्याची राखून ठेवलेली माती फळीवरून खाली काढली. "चला, परत चाळू," एवढंच बोलले. त्या मातीत सोनं निघालं नाही. शेतकऱ्यानं वेळेवर पेरलं. मला कायम व्हायला आणखी वर्ष लागलं, आणि अण्णांनी काही महिने तहसिलीकडचा रस्ताच सोडला.

दोन वर्षांपूर्वी चाचा गेले. आज शेड माझ्याकडं आहे. मी कोणाला काही शिकवत असेन तर ते पुस्तकातलं कमी आणि चाचांचंच जास्त असतं. त्यांच्यासारखा चोख माणूस मी दुसरा पाहिला नाही.

चाचांच्या मातीनंतर काही दिवसांनी चाचींना भेटायला गेले होते. बोलता बोलता मी म्हणाले, "चाची, त्या वेळी चाचा किती शांत होते. माझ्यावर त्यांचा किती भरवसा."

"कायचे शांत," चाची म्हणाल्या. "चार दिस घास उतरंना त्यांच्या गळ्याखाली. रोज घरी येऊन एकच, आज बी नाय बोलली गं. मी म्हणलं, तुम्हीच सांगून टाका ना साहेबाला. तर माझ्यावरच खेकसले."

मी विचारलं, "मग?"

"मग काय. चौथ्या दिशी आले, तीन भाकरी खाल्ल्या, आन् म्हणले, बोलली माझी पोरगी."