हिला समदा भारत दाखवला

दिवाळीत तासगावहून साताऱ्याला येताना एसटीत माझ्या शेजारी एक जोडपं बसलं होतं. बाई मांडीवर फराळाचा डबा धरून गप्प होत्या. गृहस्थांनी मात्र विटा यायच्या आत मला काश्मीर, द्वारका आणि जगन्नाथपुरी फिरवून आणलं, आणि तेही मी न विचारता.

"पर बाहेरचं कवा खाल्लं न्हाई," मिशीतला चिवडा झटकत ते म्हणाले. "शेगडी आन् ज्वारीचं पीठ संगं असतंयच. हिच्या हातची गरम भाकरी खायाची, मगच फिराया भाईर. गेल्या दिवाळीत हरिद्वारला करंज्याबी खोलीवरच तळल्या."

तळल्या कुणी, ते बाईंच्या मनगटावरचे डाग सांगत होते.

"हिला समदा भारत दाखवला," असं म्हणत त्यांनी हात पुढे केला. बाईंनी त्यांच्याकडे न बघताच हातावर चकली ठेवली.

मला राहवलं नाही. मी बाईंनाच विचारलं, "तुम्हाला कुठलं गाव आवडलं?"

"रामेश्वर," त्या लगेच म्हणाल्या. "लय मोठा समुद्र हाय. पोटभर बघितला."

"तिथंच का बरं?"

डब्याचं झाकण दाबून बसवत त्या म्हणाल्या, "तितं पीठ संपलं व्हतं."