पंपवाल्या काकांचं बरोबर होतं

तळघरातल्या ओल्या सिमेंटचा वास आला की मला उलव्याच्या आमच्या सोसायटीतले पंपवाले काका आठवतात. मी तेव्हा सेक्रेटरी होतो. पार्किंगच्या खड्ड्यात झिरपलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप अचानक दर पाच मिनिटांनी सुरू व्हायला लागला आणि त्याची घरघर पहिल्या मजल्यापर्यंत ऐकू यायची. काका जवळच्याच गावातले, अर्धं आयुष्य मिठागरात घालवलेले. मला खाली नेऊन म्हणाले, "साहेब, पंप थांबला की बघा, बाहेर टाकलेलं पानीच पायपातून मागं येतंय. वॉल्व्ह धरत नाय." मला ऑफिसची घाई होती, मी वाकूनही बघितलं नाही. रविवारी भर मीटिंगमध्ये मात्र म्हणालो, "काका, तुमचं लक्ष नसतं, म्हणून पंपाची वाट लागली." त्यांनी चाव्या टेबलावर ठेवल्या आणि ते निघून गेले. आम्ही नवा पंप बसवला, तोही तसाच चालायला लागला. शेवटी मेकॅनिकने पाइप उघडला, तर वॉल्व्हमध्ये प्लास्टिकचा तुकडा अडकलेला. मी काकांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा दिला आणि शांतपणे म्हणाले, "तवा सगल्यांसमोर बोललात, आता एकटंच आलात." पुढच्या मीटिंगमध्ये मी वॉल्व्ह बदलल्याचं सांगितलं, पण काकांचं बरोबर होतं हे वाक्य तोंडातून निघालंच नाही. आता ते सांगावंसं वाटतं, पण त्या मीटिंगला बसलेले बहुतेक जण फ्लॅट विकून गेलेत.