दुसऱ्या गिअरमधली लीलाबाई

भाऊराव सोमकुवर पांढुर्ण्याहून मोटार घेऊन आले, असं सौंसरात सगळे म्हणत. मुळात मोटारच भाऊरावांना घेऊन येणार होती. पण ती पांढुर्ण्याच्या बाहेर पडताच बंद पडली आणि शेवटी एका संत्र्याच्या ट्रकनं दोघांना दोर बांधून आणलं. भाऊराव मात्र सबंध रस्ताभर मान ताठ ठेवून, स्टेअरिंग घट्ट धरून बसले होते. ट्रकवाल्याला वाट तेच दाखवत असावेत, असं बघणाऱ्याला वाटलं असतं.

त्र्याऐंशी सालची गोष्ट. भाऊराव तहसील कचेरीत बाबू, त्यांची बायको लीलाबाई कन्या शाळेत मास्तरीण. वस्तीत मोटार घेणारे ते पहिलेच, त्यामुळे गाडी बघायला अख्खी गल्ली जमली. लीलाबाई दारात उभी होती.

"कशी आहे?" भाऊरावांनी खाली उतरून विचारलं.

"दोर चांगला आहे," लीलाबाई म्हणाली.

गाडी एका निवृत्त डॉक्टरांची. 'आजवर हिनं मला रस्त्यात कधी दगा दिला नाही,' असं डॉक्टरांनी विकताना छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. ते खरंच होतं. गेली काही वर्षं ती रस्त्यावर आलीच नव्हती; अंगणात उभी होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या.

रोज सकाळी भाऊराव केसांना तेल लावून, इस्त्रीची पँट सांभाळत गाडीत बसत आणि सेल्फचं बटण ओढत. आतून खर्रर्र असा आवाज येई, लोखंडी बादलीत गिट्टी घुसळल्यासारखा. मग शांतता. भाऊराव खिडकीतून मान काढून जाहीर करत, "थंडी लय आहे." मे महिन्यात ते म्हणत, "गरमीनं बॅटरी बसते." पावसाळ्यात ओल धरायची. गाडीला मानवेल असा ऋतू सौंसरात नव्हताच.

मग धक्का. सुरुवातीला आजूबाजूचे लोक हौसेनं आले. पण हौसेलाही मर्यादा असते. पुढे पुढे गाडीचं दार वाजलं की शेजारचे नत्थूजी पाण्याचा डबा घेऊन वावराकडे निघून जात, मग पहाट असो की भरदुपार. उरली लीलाबाई. ती पर्स मागच्या सीटवर फेकायची, पदर कमरेला खोचायची आणि डिकीला खांदा लावायची. उतारावर पोचता पोचता गाडी एकदाची ढेकर देऊन चालू व्हायची. आता थांबवली तर पुन्हा बंद पडेल, म्हणून भाऊराव तसेच पुढे निघून जात, खिडकीतून हात हलवत. लीलाबाई पायीच शाळेत जायची, आणि पर्स गाडीतच राहिली म्हणून वाटेत कचेरीवरून फेरा घालायची. घरात मोटार आल्याचा तिला झालेला फायदा तो एवढा.

बस स्टँडजवळ गुणवंता मिस्त्रीचं गॅरेज होतं. गुणवंताला गाड्या खोलायची भारी हौस होती आणि पुन्हा जोडायचा तेवढाच कंटाळा. त्यानं खर्रर्र ऐकलं, विडी विझवली आणि म्हणाला, "बाबूजी, रिंगचे दात गेले. इंजिनच्या मागं चाक असते, त्याच्यावर दाताची रिंग. सेल्फ तिलेच फिरवते. एका जागचे दात पार घासून गेले. बोळक्या बुढीले फुटाणे देल्यावानी होऊन राहिलं हे. गिअरबॉक्स उतरवा लागन."

"तुयाजवळ काम नाही म्हणून माही गाडी खोलून राहिला का?" भाऊराव भडकले, आणि त्यांनी नवी बॅटरी आणली. नव्या बॅटरीमुळे खर्रर्र आवाज पूर्वीपेक्षा जोरात येऊ लागला. मग नवे प्लग आणले, खिडक्यांना पडदे लावले, सीटला फुलाफुलांची खोळ घातली. शेवटी तीन सुरांचा हॉर्न आला. जे झिजलं होतं ते सोडून गाडीतलं बाकी सगळं नवं झालं.

पुढच्या उन्हाळ्यात भाऊरावांच्या पुतणीचं, चंद्रकलाचं, रामाकोन्याला लग्न होतं. सासर पांढुर्ण्याचं. 'पोरगी मोटारीतच जाईन,' असं भाऊरावांनी दोन्हीकडच्या लोकांना कोणी न विचारता सांगून टाकलं. गाडी आदल्या दिवशीच रामाकोन्याला नेली आणि मांडवासमोर उभी केली. तिच्यावर झेंडूच्या माळा चढल्या. लग्न लागलं, बुद्धवंदना झाली, पंगती उठल्या. पांढऱ्या साडीतली चंद्रकला डोळे पुसत मागच्या सीटवर नवऱ्याशेजारी बसली. नवऱ्याचे मामा केशवराव मान म्हणून पुढं बसले.

भाऊरावांनी बटण ओढलं. खर्रर्र.

बायकांचं रडणं थांबलं. भाऊरावांनी पुन्हा ओढलं. कोणीतरी फिसकन हसलं.

"हवा गरम आहे," भाऊराव म्हणाले.

वऱ्हाडी पुरुष धक्क्याला लागले, पण जेवून तुडुंब झालेल्या माणसांचा तो धक्का. गाडी हलेना. तेव्हा भाऊरावांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, कोट काढला आणि लीलाबाईला हाक मारली, "तू बस स्टेअरिंगवर. मी धकवतो. क्लच दाबून ठेव, मी सोड म्हटलं की सोड. दुसरं काई करू नको."

लीलाबाई बसली. वर्षभर या गाडीचं तिनं फक्त ढुंगण पाहिलं होतं. पुढून रस्ता असा दिसतो, हे तिला आजच कळलं. गाडी हलली, वेग धरला.

"सोड!"

तिनं क्लच सोडला. गाडीनं दोन गचके दिले आणि इंजिन धडधडू लागलं. मांडवातून टाळ्या पडल्या.

"थांब! थांबव आता!" मागून भाऊराव पळत येत ओरडत होते.

ब्रेक कुठला हे लीलाबाईला ठाऊक होतं. पण ब्रेक दाबला की गाडी बंद पडणार, हेही ठाऊक होतं. मग पुन्हा धक्का, पुन्हा ते फिसकन हसणं, आणि नवरी-नवरदेव त्या उन्हात चौकात बसलेले. तिनं आरशात पाहिलं. भाऊराव लहान लहान होत चालले होते. तिनं पाय ॲक्सिलेटरवरून काढलाच नाही.

"बाई, तुमाले चालवता येते ना?" केशवरावांनी दाराची कडी दोन्ही हातांनी धरून विचारलं.

"येऊन राहिली आता," लीलाबाई म्हणाली.

गिअर बदलायचा कसा ते माहीत नव्हतं, म्हणून ती दुसऱ्या गिअरमध्येच निघाली. इंजिन बोंबलत होतं, बोनेटमधून वाफ निघत होती, माळेतली झेंडूची फुलं एकेक करून उडून जात होती. समोर बैलगाडी आली की ती तीन सुरांचा हॉर्न दाबून धरायची; बैलच काय, गाडीवानही रस्ता सोडून शेताच्या धुऱ्यावर चढत. नाल्याच्या रपट्यावर, त्या बिनकठड्याच्या बुटक्या पुलावर, केशवरावांनी डोळे मिटले ते बराच वेळ उघडले नाहीत. नवरदेव घामानं निथळत होता. चंद्रकलाचं रडू मात्र केव्हाच पळालं होतं. ती पुढच्या सीटवर रेलून ओरडत होती, "काकू, थांबू नका! थांबू नका!"

लीलाबाईला आतून असं काही वाटत होतं की तिला गाणं म्हणावंसं वाटलं. केशवरावांची अवस्था पाहून तिनं ते टाळलं.

सौंसरला बस स्टँडजवळ, बरोबर गुणवंताच्या गॅरेजसमोर, तिनं ब्रेक दाबला. गाडी उडी मारून बंद पडली. समोरच पांढुर्ण्याची बस लागलेली होती. कंडक्टरनं पांढरी साडी आणि गळ्यातले हार पाहून दोघांना पुढची सीट रिकामी करून दिली. केशवराव त्यांच्या आधीच चढून बसले होते.

"गुणवंता, उतरव तो गिअरबॉक्स," लीलाबाई म्हणाली. असा हुकूम ऐकायला तो जन्मभर थांबला होता.

संध्याकाळी मांडवाची भांडी घेऊन निघालेल्या ट्रॅक्टरवर, दोन मोठ्या गंज-पातेल्यांच्या मधे बसून भाऊराव सौंसरला पोचले. गाडी पोत्यांवर अर्धी पसरलेली होती.

"कोणाले विचारून खोलली?" ते कडाडले.

"मले विचारून," लीलाबाई म्हणाली. "धक्का मारणाऱ्याले विचारलं पाहिजेन का नाही?"

गुणवंतानं रिंग भट्टीत तापवून काढली आणि उलटी फिरवून बसवली, म्हणजे दातांची न घासलेली बाजू सेल्फकडे आली. नवा भाग लागलाच नाही. गाडी जोडायला मात्र त्यानं आंब्याचा सगळा मोसम घेतला, आणि दोन नट उरले ते शांतपणे आपल्या डब्यात टाकले. "हे जास्तीचेच असतात," म्हणाला.

गाडी आता बटणावर चालू होऊ लागली. "मी पहिल्यापासून हेच सांगून राहिलो होतो," भाऊराव ज्याला त्याला सांगत. लीलाबाईनं छिंदवाड्याला जाऊन लायसन काढलं. तिसरा गिअर भाऊरावांनीच शिकवला, मोठ्या उपकाराच्या आवाजात. त्यानंतर रोज सकाळी ती शाळेला जाताना त्यांना कचेरीत सोडायची. बायको गाडी हाकते आणि आपण बाजूला बसतो, हे साहेबांना दिसू नये म्हणून भाऊराव वळणाच्या अलीकडेच उतरत आणि उरलेलं अंतर फिरायला निघाल्यासारखे चालत जात. ऑगस्ट लागला, पाऊस चांगला कोसळू लागला, तसे ते मुकाट्यानं कचेरीच्या दारातच उतरू लागले.