पिशवीसकट लावा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

जबलपूरच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायची. मक्याच्या स्टार्चपासून मातीत कुजणारं प्लास्टिक करायचं, हे माझं वेड. नुसत्या स्टार्चची फिल्म म्हणजे ओला पापड — उचलायला गेलं की फाटला. म्हणून तिच्यात चिकणमातीचे अतिसूक्ष्म, नॅनो कण मिसळायचे. चिमूटभर मिसळले, फिल्म बळकट झाली, आणि कुंडीत पुरली तर पावसाळा सरायच्या आत कुजूनही गेली. मी तर हवेतच होते!

जबलपूरबाहेर, कुंडम गावाजवळच्या एका रोपवाटिकेने त्या फिल्मच्या पिशव्या मागितल्या. पण पाणी घातलं की पिशव्या तळाशी उसवायच्या. मग मी कण तिप्पट केले. पिशव्या टिकल्या. नव्या फिल्मची मातीतली चाचणी? — केलीच नाही. अहवालाची घाई होती. जुन्या चाचणीचे आकडे नव्या फिल्मच्या नावावर लिहून मोकळी झाले. पण सांगायचं आहे ते हे नाहीच. मी अजून आडवळणानेच चाललेय.

तिथे फुलियाबाई रोजंदारीवर होती. रोप लावताना ती ब्लेडने पिशवी उभी चिरायची, मगच खड्ड्यात ठेवायची. मी हसून तिला थांबवलं. पिशवीसकट लावा म्हटलं, ही आपोआप कुजते. ती पिशवी बोटांनी चाचपत राहिली.

“मॅडमजी, जड़ को रास्ता तो देना पड़ेगा.”

मुळांना वाट आपोआप मिळते म्हणत मी तिला सगळं शास्त्र ऐकवलं. तिने ब्लेड पदराच्या गाठीत बांधून टाकलं.

उन्हाळ्यापर्यंत पिशवीसकट लावलेली आवळ्याची बहुतेक रोपं वाळली, आणि चौकशी लागली. चौकशीच्या आदल्या दिवशी मी एकटीच गेले, एक रोप उपटलं. पिशवी जशीच्या तशी! मुळं आतल्या आत गोल फिरून एकमेकांत गुंतलेली, एकही बाहेर आलेलं नाही. ज्या कणांनी पाणी अडवलं, त्यांनीच कुजणंही अडवलं होतं. एवढं साधं मला सुचू नये? मला — शिकवणारीला? पिशवी पर्समध्ये कोंबली, खड्डा बुजवला. जबलपूरला, सदर भागातल्या घरी आले तर आई विचारत होती, काहून अशी गप्प बसून राहिली? डोकं दुखतंय म्हणाले.

चौकशीला आलेल्या साहेबांनी फुलियाबाईवर ठपका ठेवला — पाणी घातलं नाही म्हणून. ती घाबरली नाही. तिने माझ्याकडे बोट केलं. “मॅडमजी से पूछ लो. वो सच बताएँगी.”

मी म्हणाले, पिशव्या कधीच कुजल्या, मी स्वतः पाहिलं. पाणीच कमी पडलं असावं.

ऐकलंत? असं म्हणाले मी. माझाच आवाज होता, जराही अडखळला नाही — याचा धक्का मला अजून बसतो. कुणी एकही रोप उपटून पाहिलं नाही. मॅडमनी पाहिलंय ना, मग झालं. फुलियाबाईला त्याच दिवशी कामावरून काढलं.

मी जीपकडे निघाले तर ती मागून आली. वाटलं, आता भांडेल, तळतळाट देईल. द्यायला हवा होता. पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिने माझं बोलणं खरं मानलं होतं. झाडं आपल्याच हातून मेली, असं वाटून ती पार खचली होती.

“तो एक पेड़ को कितना पानी देना था, मॅडमजी?”

मी तेही सांगितलं. दिवसाआड दोन तांबे. विसरू नये म्हणून तिने ते माझ्यासमोर दोनदा म्हणून घेतलं.