बापाचं नाव येत नाही
खुटबावच्या रखमाजी आबांची निम्मी हयात मेंढरांमागं गेली. चाळिशीला आल्यावर त्यांनी सगळी मेंढरं विकली आणि गावातच पाण्याखालची दीड एकर घेतली. पुतणे मात्र चारचौघांत म्हणत, "मेंढरं सामाईक होती, रानात आमचाबी वाटा हाय." आपल्या माघारी हे एकुलत्या लेकाला, हनुमंताला छळतील, हीच आबांना धास्ती. म्हणून त्यांनी जिवंतपणीच जमीन त्याच्या नावावर करायचं ठरवलं.

बायको बयाबाई नको म्हणत होत्या. "द्यायचंय ते त्यालाच की. पर मृत्युपत्र करा, आत्ताच हात कशाला रिकामं करता?"

"मेल्यावर माझी बाजू कोण सांगणार? माझ्या डोळ्यांदेखत नाव लागू दे."

दौंडच्या कचेरीत बक्षीसपत्र झालं. बाहेर आल्यावर हनुमंत ओशाळून म्हणाला, "आबा, नाव नुसतं कागदावर. रान तुमचंच."

हनुमंत कारेगावला राहून कंपनीत काम करायचा. अकरा महिन्यांनी पहिल्या पाळीत त्याच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. चौतीस वर्षांचा होता. मागं बायको प्रांजल आणि सहा वर्षांची प्रगती.

तेरावं झाल्यावर वारसनोंदीसाठी आबा तलाठी मॅडमकडं गेले. मॅडमनी नावं वाचली : पत्नी प्रांजल, मुलगी प्रगती, आई बयाबाई. आबा पुढच्या नावाची वाट बघत उभे राहिले.

"आन् बाप?"

"आबा, आई, बायको, लेकरं असली की बापाचं नाव येत नाही. कायदाच तसा आहे."

"रान मी घेतलेलं हाय, मॅडम."

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "ते तुम्ही त्याला देऊन टाकलं होतं ना."

आबा घरी आले ते थेट गोठ्यात जाऊन बसले. बयाबाई मागोमाग गेल्या. "माझा हिस्सा तुमच्या नावावर करते. उद्याच जाऊ."

आबांनी पुढ्यातली वैरण गव्हाणीत सारली. मग म्हणाले, "नगं. माझं नाव लागलं की पुतणे पुन्यांदा उठत्याल. तुझ्या माघारी प्रगतीला मिळंल असं मृत्युपत्र कर."

बयाबाईंनी तसंच केलं. अंगठा उठवताना त्यांना रडू आवरेना.

प्रांजलला कारेगावलाच एका कंपनीत काम मिळालं. ती प्रगतीला घेऊन तिथंच खोलीवर राहिली. इकडं आबा रान कसत राहिले, पण प्रत्येक गोष्टीला तिला फोन करू लागले.

"प्रांजल, वरच्या तुकड्यात कांदा लावला तर चालंल का गं?"

"आबा, मला असं विचारू नका हो."

"विचाराया पायजे, बाई. रान तुमचं हाय." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच तिला ते सोसेना. फोन ठेवून ती रडत बसायची.

एकदा बयाबाई चिडल्या. "का जीव खाता तिचा?"

"मग फोन कशापायी करू?" आबा म्हणाले. "दुसरं काय बोलावं, सुचत न्हाई मला."

त्या वर्षी कांदाच लावला. काढणीला प्रांजल दोन दिवसांची रजा टाकून आली. बांधाकडच्या सऱ्यांतला कांदा दरवर्षी हनुमंत सुट्टीला येऊन उपटायचा. त्या सऱ्यांना आबांनी कुणाला हात लावू दिला नाही. दुपारी सगळी माणसं जेवायला झाडाखाली बसली, तेव्हा आबा तिकडं एकटेच खाली बसून कांदा उपटत होते.